कोशिंबाची लाल पानं बघायला, साखरप्याच्या पुढे

रत्नागिरीत पाहुणा आला की त्याला समुद्र दाखवायचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. पहिल्या दिवशी गणपतीपुळे, हौस असेल तर दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, आणि निघताना पिशवीत आंबापोळी नि आमसुलं. समुद्राकडे पाठ करून, नुसती झाडांची पानं बघायला म्हणून कुणी घाटाकडे गाडी काढल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. आम्ही ते केलं. फाल्गुनातल्या एका दिवसात जाऊन संध्याकाळी परतही आलो. तयारी मात्र दिवाळीपासून चालली होती.

हे सगळं माईंसाठी होतं. माई म्हणजे माझ्या नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. यजमान गेल्यावर मुलानं त्यांना कॅनडात, टोरांटोजवळ आपल्या घरी नेलं. नातू ईशान तेव्हा रांगतही नव्हता. मुलगा नि सून कामावर जायची आणि ईशानला माई सांभाळायच्या. त्याला भात कालवून भरवण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. तो आता सोळा वर्षांचा झाला, खोलीचं दार लावून बसायला लागला, तेव्हा 'माझं इथं काय काम उरलंय' असं माईंनी स्वतःच ठरवलं आणि गेल्या गणपतीत त्या कायमच्या म्हणून रत्नागिरीला आमच्याकडे आल्या.

माझा नवरा मोहन आनंदानं वेडा व्हायचा बाकी होता. दोघंच भावंडं, त्यात इतक्या वर्षांची ताटातूट. त्यानं वरची खोली रंगवून घेतली, गिझर बसवला, माईला खाली वाकावं लागू नये म्हणून कपाटाचे खणसुद्धा उंच करून घेतले. आळीतली माणसं भेटायला यायची आणि म्हणायची, बरं झालं आलात, आपल्या माणसांत आलात. माई 'हो ना' म्हणायच्या आणि चहाचे कप उचलायला लागायच्या.

ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांच्या सुनेनं फोनवर फोटो पाठवले. रस्ताभर लाल, नारिंगी, पिवळी झाडं आणि खाली पानांचा खच. माई मला दाखवत होत्या. हा आमचा रस्ता, ही आमच्या कोपऱ्यावरची मेपल, हा ईशानच्या शाळेचा चढ. मोहन पेपर वाचत होता, पण 'आमचा' म्हटलं की त्याचं पान उलटायचं थांबायचं. मग माई तिकडच्या तऱ्हा सांगायला लागल्या. तिकडे म्हणे या दिवसांत कुठल्या भागात किती रंग चढला याची रोज बातमी येते. लोक ती बघून रविवार ठरवतात, सकाळीच थर्मास आणि सँडविच घेऊन गाडी काढतात, दिवसभर झाडं बघत हिंडतात आणि अंधार पडायच्या आत घरी येतात. देवदर्शन नाही, खरेदी नाही, कुणाच्या घरी जाणं नाही.

"गळणाऱ्या पानांचं काय बघायचं?" मोहन म्हणाला. "आपल्याकडे पानं गळली की बायका झाडू घेतात."

माई हसल्या, पण त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मोहननंच विषय काढला. आपल्याकडे लाल पानांची झाडं आहेत की नाहीत? माझी सगळी नोकरी परिचारिका म्हणून गेली, त्यातली बरीच वर्षं साखरप्याच्या पुढच्या एका वाडीतल्या उपकेंद्रात. तिथली कोशिंबाची झाडं मला पाठ होती. मी सांगितलं की झाडं आहेत, पण ती माघ सरता सरता लाल होतात आणि ती लाली गळत्या पानांची नसते, नव्या पालवीची असते. जुनं पान वाळून खाली पडतं आणि त्याच आठवड्यात वर कोवळं लाल फुटतं.

"चालेल," माई लगेच म्हणाल्या. इथं आल्यापासून एखाद्या गोष्टीला त्या इतक्या पटकन हो म्हणाल्या नव्हत्या.

मधल्या दिवसांत आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला हवी. माईंच्या मुलाचा फोन आला. तिकडे राहण्याचा त्यांचा जो परवाना आहे तो या उन्हाळ्यानंतर टिकणार नव्हता. यायचं असेल तर त्याआधी ये, नाहीतर नंतर फार अवघड होईल, तुझं तू ठरव, असं तो म्हणाला. माई म्हणाल्या, बघू. मग कितीतरी आठवडे त्या 'बघू'च म्हणत राहिल्या. मोहननं त्या 'बघू'चा अर्थ नाही असा लावला. त्याचं म्हणणं, आपली लाल पानं एकदा बघितली की तिचं मन लागेल इथं. मला तसं वाटत नव्हतं. पहाटे उठून त्या फोनवर तिकडे किती थंडी आहे ते बघायच्या आणि ईशाननं टोपी घातली असेल का, असं मला विचारायच्या. मला काय ठाऊक असणार, पण मी घातली असेल म्हणायचे.

तर तयारी. वाडीत शेवंताबाई म्हणून माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांची तिन्ही बाळंतपणं माझ्या हातची. मुलगा मुंबईला, घरी त्या आणि सून. मी त्यांना फोन लावला आणि म्हटलं, कोशिंब लाल झाला की कळवा, आम्ही पानं बघायला येणार आहोत. आधी त्यांना वाटलं औषधाला पानं हवीत, तोडून एसटीनं पाठवते म्हणाल्या. नुसती बघायला, म्हटल्यावर त्यांनी मला तेच दोनदा सांगायला लावलं. पण बाई शब्दाची पक्की. रेंज मिळवायला टेकाडावर चढून त्या फोन करायच्या आणि मी माईंना खबर द्यायचे. 'अजून हिरवाच हाय.' मग 'पानां गळाया लागली.' मग 'पार टक्कल पडला बाय त्येला.' आणि एका सकाळी, 'फुटला बाय, कुंकवावानी फुटला. आता या.'

माईंनी थर्मास धुऊन ठेवलाच होता.

हातखंबा, पाली, नाणीज

गाडी मी चालवते. निवृत्त झाल्यावर शिकले, कारण मोहन आयुष्यभर स्कूटरच्या पुढे गेला नाही. तो शेजारी बसतो आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबतो. माई मागे बसल्या होत्या, मांडीवर सँडविचचा डबा आणि डोळे बाहेर. सड्याच्या माळावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं, मधून मधून काळा कातळ. हातखंब्याच्या अलीकडे एका बागेत आंब्याची कलमं तांबूस पालवीनं भरून गेली होती, उन्हात चकाकत होती.

"थांब, थांब," माई म्हणाल्या. "किती सुंदर."

मोहननं कपाळाला हात लावला. ज्या दिवसांत मोहर नि कणीएवढ्या कैऱ्या दिसायला हव्यात त्या दिवसांत पालवी, म्हणजे त्या बागायतदाराचा यंदाचा हंगाम बुडाला. माणूस बिचारा बागेत उभा राहून झाडाकडे बघत होता आणि आम्ही गाडी थांबवून त्याच्या नुकसानीचे फोटो काढत होतो. मी गाडी पुढे घेतली.

नाणिजच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एका वळणरस्त्यावर, चढावर, डंपरच्या मागे माझी गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मोहननं एका दमात इतक्या सूचना दिल्या की मला क्लच आठवेना. शेवटी हँडब्रेक ओढला, तेव्हा त्याची मास्तरकी थांबली. चढ संपल्यावर माईंनी फर्मान काढलं की आता कुठेतरी बरी जागा बघून सँडविच खायचे, तिकडे असंच करतात.

एक सावरीचं झाड फुललेलं दिसलं, त्याच्याखाली गाडी उभी केली. काकडी-टोमॅटोचे सँडविच एव्हाना लगदा झाले होते आणि पहिल्याच घासात धुळीची कचकच. तेवढ्यात एसटी थांबली आणि चालकानं डोकं बाहेर काढून विचारलं, गाडी बंद पडली काय? नाही म्हटलं. मग एक मोटारसायकलवाला थांबला, पंक्चर आहे का म्हणाला. मग एक टेम्पो. कुणाला बरं वाटत नाही का, पाणी हवं का? झाड बघतोय म्हटल्यावर टेम्पोवाल्यानं खाली उतरून सावरीकडे निरखून पाहिलं. वर माणूस अडकलाय की काय अशी त्याला शंका आली असावी.

माई हसून हसून लाल झाल्या. तिकडे गाड्यांची रांग लागते म्हणाल्या, पण कुणी कुणाला विचारत नाही. मोहन म्हणाला, बघ, म्हणूनच आपलं ते आपलं. माई हसायच्या थांबल्या.

"न विचारण्याचीही सवय होते रे," त्या म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण लावायला लागल्या.

वाडी

साखरपा मागे टाकून घाटाच्या पायथ्याला आत वळलो. एका वळणावर समोरचा सगळा डोंगर दिसला आणि मोहननं बोट दाखवायच्या आधीच माईंचा हात माझ्या खांद्यावर आला. साग नि ऐन पानं झाडून उघडे झालेले, सगळा उतार करडा, आणि त्यात कोशिंब. कुठे एकटा, कुठे तिघं-चौघं, लालभडक. मी तिथं इतकी वर्षं डोक्यावर रुमाल बांधून लसींचा डबा घेऊन चालत होते, पण थांबून असं बघितलं नव्हतं. मोहनला एकही सूचना सुचली नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

उपकेंद्राजवळ गाडी ठेवली. शेवंताबाई वाटेवर उभ्याच होत्या, नवं लुगडं नेसून, मागे सून. वाडीतला सगळ्यांत मोठा कोशिंब त्यांच्या घराच्या खालच्या अंगाला, पाणंदीला लागून आहे. माईंनी वाटेत मला सांगून ठेवलं होतं की आधी झाडाखाली जायचं, पानांतून चालायचं, मग चहा. तशा त्या पुढे झाल्या आणि उभ्या राहिल्या.

वर झाड पेटल्यासारखं लाल होतं. खाली एक पान नव्हतं. पाणंद, झाडाचा बुंधा, पलीकडचा बांध, सगळं खराट्यानं लख्ख झाडलेलं, वर शेणाचा सडा घातलेला. बुंध्याभोवती रांगोळी काढली होती. गणपतीतही इतकी स्वच्छता मी तिथं पाहिली नव्हती.

"काल दिसभर आमी सासूसुनांनी समदा झाडून काढला," शेवंताबाई कौतुकानं म्हणाल्या. "नुसता पातेराच पातेरा व्हता बाय. परदेशातली पाव्हणी येनार, काय म्हनाल आमाला?"

माई छान म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्यासारखं म्हणाल्या. वर बघून फोटो काढले, रांगोळीचं कौतुक केलं, शेवंताबाईंचा हात हातात घेतला. पण मला त्यांचा चेहरा कळतो. आम्ही ओटीवर जाऊन बसलो. तांदळाची भाकरी, ओल्या काजूगरांची उसळ, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा असं जेवण होतं. मोहन तुटून पडला होता. माई जेवत होत्या, मधूनच दारातून झाडाकडे बघत होत्या.

मी हात धुवायला मागच्या दारी गेले तशी शेवंताबाई पाठोपाठ आल्या.

"त्यांना झाड आवाडला नाय?" त्यांनी विचारलं. "कनाला लपवता, सांगा."

मी सांगितलं. झाड आवडलं, पण त्यांना खाली पडलेली पानं हवी होती, त्यातून चालायचं होतं. तिकडे नातवाबरोबर चालायच्या तशा. शेवंताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून त्या ज्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. एवढी दोन बायकांनी दिवसभर कंबर मोडली आणि पाहुणीला पातेराच हवा. हसू ओसरल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. झाडलेला पातेरा कुठे टाकून दिलेला नव्हता. पेरणीआधी भाताच्या रोपांची जागा भाजून घेतात, त्या भाजावळीसाठी तो खालच्या शेतात रचून ठेवला होता, शिमग्यानंतर पेटवायचा म्हणून. दोघींनी हारे, मोठ्या टोपल्या, उचलले.

आम्ही ओटीवरून बघत होतो. मोहनला काही कळेना. सासू-सून डोक्यावरून हारे आणत होत्या आणि आपणच झाडलेल्या, आपणच सडा घातलेल्या जमिनीवर ओतत होत्या. शेजारच्या दोन बायका विचारायला आल्या आणि न विचारताच हारे घेऊन लागल्या. रांगोळी गेली. कोशिंबाची पानं, सागाची, ऐनाची, फणसाची, घोटाभर उंचीचा थर झाला.

"आता या," शेवंताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

माईंनी चपला काढल्या. त्या पानांतून चालायला लागल्या, पाय न उचलता, ढकलत ढकलत, लहान मुलं चालतात तशा. सागाचं पान मोठं आणि वाळकं, त्याचा चुरचुर आवाज ओटीपर्यंत येत होता. एकदा टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. सून त्यांच्याच फोनवर त्यांचं चित्रण करत होती. तिसऱ्यांदा परत येताना माई मधेच थांबल्या आणि खाली पानांतच बसल्या. मोहन धावत गेला, त्याला वाटलं पाय मुरगळला. मीही गेले.

माई रडत होत्या. ईशान शाळेत जाताना कधी फरसबंदीवरून चालायचाच नाही, म्हणाल्या. कडेच्या पानांतून चालायचा, बूट ओले करायचा आणि मी त्याला रोज ओरडायचे. मग त्यांनी डोळे पुसले आणि भावाकडे बघितलं.

"मोहन, मला परत जायचंय."

मोहन उभाच होता. "तिथं काय आहे तुझं? पोरगं दार लावून बसतं, तूच सांगतेस."

"बसू दे. दाराबाहेर मी असेन."

काजूची झाडं बघतो म्हणून मोहन बांधावरून खाली उतरला आणि बराच वेळ आला नाही. मला त्याचा राग आला नाही. त्यानं इतके महिने एकच गोष्ट मनापासून केली होती, बहिणीला इथं बरं वाटावं म्हणून धडपड, आणि ती धडपडच तिला तिच्या नातवाकडे घेऊन गेली होती. शेवंताबाई माईंच्या शेजारी पानांत येऊन बसल्या. त्यांचा मुलगा मुंबईहून शिमग्याला येणार होता, मग थेट गणपतीला. शेवंताबाई नुसत्या माईंच्या केसांतली पानं काढत होत्या.

परतताना

येताना गाडीत मागून आवाज नव्हता आणि शेजारून सूचना नव्हत्या. मला सूचनांशिवाय गाडी चालवायची सवय नाही, दोनदा गिअर चुकला. साखरप्याला रेंज आली तसं माईंनी ते पानांत चालण्याचं चित्रण ईशानला पाठवलं. बरोबर एक शब्दही लिहिला नाही. काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणाल्या. गेले काही आठवडे त्या त्याला रोज काही ना काही लिहीत होत्या आणि त्याच्याकडून काहीच येत नव्हतं, हे मोहनला आणि मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

पालीला चहाला थांबलो. सूर्य खाली गेला होता, म्हणजे तिकडे सकाळ, शाळेची वेळ. बाकावर मोहन एका टोकाला, माई दुसऱ्या टोकाला, मधे मी. चहा आला आणि माईंच्या फोनची घंटी वाजली. त्यांनी चष्मा शोधला, तो गाडीत राहिला होता. फोन माझ्याकडे दिला. मी बघितलं आणि काय सांगावं कळेना. ईशाननं अंगठा पाठवला होता. नुसता पिवळा अंगठा, दुसरं काही नाही.

मी तसं सांगितलं. मोहननं फोन माझ्या हातातून घेतला.

"बघ," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता. "एवढं तू पाठवलंस. एक शब्द नाही."

"अंगठा आला ना?" माई म्हणाल्या आणि उठून त्याच्या शेजारी येऊन बसल्या. मी सरकले. "सोळा वर्षांचा होतास तेव्हा आई मुंबईला दवाखान्यात होती. मी तिथून तुला पत्रं लिहायचे. तू काय पाठवायचास रे?"

मोहननं फोन दुसऱ्या हातात घेतला.

"काही नाही. आणि मी घरी आले तेव्हा मला स्टँडवर घ्यायला कोण आलं होतं? सकाळपासून येऊन बसला होतास. सगळ्या गाड्या बघत होतास."

मोहनच्या हातातल्या फोनचा उजेड विझला. त्यानं तो परत लावला, अंगठ्याकडे बघितलं, परत विझू दिला.

"मला तूही हवा आहेस," माई म्हणाल्या. "तिकडे गेले की तुझ्यासाठी जीव तुटणार आहे. आता माझं असंच राहणार."

चहावाला हाताखाली पोऱ्याही नसलेला, एकटाच गल्ल्यावर बसलेला म्हातारा माणूस होता. त्यानं रडणारी बाई पाहिली आणि न सांगता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मोहननं फोन माईंच्या हातात दिला आणि त्यांच्या पदराला चिकटलेलं ऐनाचं एक पान काढून टाकलं.

"मग पाऊस लागायच्या आत जा," तो म्हणाला. "एकदा लागला की माझ्याच्यानं तुला सोडवणार नाही."